वाणी आणि घास : डोके व मान यांच्या कर्करोगावरील किरणोपचार

मनुष्याच्या तोंडापासून गळ्यापर्यंतचा मार्ग जेमतेम वीतभर लांबीचा आहे. तथापि या एकाच मार्गातून श्वास जातो, अन्न जाते आणि शब्द बाहेर पडतो. ही तीन कामे परस्परांच्या आड न येता दिवसभर चालू असतात, म्हणूनच त्यांच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. जीभ, गाल, टाळू, ग्रसनी किंवा स्वरयंत्र यांपैकी एखाद्या ठिकाणी कर्करोग झाला, की या मार्गाचे मोल प्रथमच जाणवते. त्या रोगावर जे उपचार केले जातात, त्यांनाही याच अरुंद मार्गातून वाट काढावी लागते.

भारतात या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे. पाश्चात्त्य देशांच्या मानाने आपल्याकडे डोके व मान यांच्या कर्करोगाचे प्रमाण फार मोठे असून, भारतीय पुरुषांमध्ये तोंडाचा कर्करोग अग्रस्थानी आहे. तंबाखू हे त्याचे मुख्य कारण होय. २०१६-१७ साली झालेल्या देशव्यापी पाहणीत २८.६ टक्के प्रौढ व्यक्ती कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखूचे सेवन करताना आढळल्या. २१.४ टक्के प्रौढ व्यक्ती धूरविरहित, म्हणजे खाण्याच्या, चघळण्याच्या किंवा दातांना लावण्याच्या तंबाखूचे सेवन करीत होत्या. या रोगाने ग्रासलेल्यांपैकी पुष्कळांना उपचाराच्या एखाद्या टप्प्यावर किरणोपचार घ्यावे लागतात. रोग बरा होणे ही पहिली अपेक्षा खरीच. परंतु रोगी बरा झाल्यावर त्याला जेवता येईल का आणि बोलता येईल का, हे प्रश्न तिच्या पाठोपाठच उभे राहतात.

गिळण्याची आणि बोलण्याची क्रिया

गिळणे ही वरकरणी साधी वाटणारी क्रिया प्रत्यक्षात अत्यंत गुंतागुंतीची आहे. तिचे स्थूलमानाने तीन टप्पे पडतात. पहिला टप्पा तोंडात घडतो. दात अन्नाचे चर्वण करतात, लाळ ते भिजवते आणि जीभ त्याचा गोळा करून तो मागे ढकलते. येथवरचे काम आपल्या इच्छेच्या अधीन असते. दुसरा टप्पा ग्रसनीत, म्हणजे घशात घडतो आणि तो सुमारे एका सेकंदात पुरा होतो. तेवढ्या अवधीत मऊ टाळू वर उचलला जाऊन नाकाची वाट बंद होते. स्वरयंत्र वर व पुढे सरकते. त्याच्यावरील झाकण खाली झुकते. स्वररज्जू एकमेकांना चिकटून श्वासमार्ग मिटतो. ग्रसनीचे स्नायू वरून खाली क्रमाने आकुंचन पावतात आणि अन्ननलिकेचे तोंड उघडते. तिसऱ्या टप्प्यात अन्न अन्ननलिकेतून जठरात उतरते. मेंदूतून निघणाऱ्या पाच कपालतंत्रिका आणि कित्येक स्नायू यांचा यात सहभाग असतो. त्यांच्या क्रमात क्षणाचीही चूक झाली, तर अन्नाचा कण श्वासनलिकेत उतरतो आणि ठसका लागतो.

बोलण्यासाठीही हेच अवयव कामी येतात. फुफ्फुसातून येणाऱ्या हवेने स्वररज्जू कंप पावतात आणि ध्वनी निर्माण होतो; जीभ, टाळू, दात आणि ओठ त्या ध्वनीला आकार देतात. भारतीय वाचकांना हे समजावून सांगण्यास आपली वर्णमालाच पुरेशी आहे. प्राचीन शिक्षाग्रंथकारांनी वर्णांची मांडणी उच्चारस्थानांनुसार केली. ‘क’वर्ग कंठ्य, ‘च’वर्ग तालव्य, ‘ट’वर्ग मूर्धन्य, ‘त’वर्ग दंत्य आणि ‘प’वर्ग ओष्ठ्य. वर्णमाला हा मुखाचा एक नकाशाच होय. जिभेचे टोक वर वळेनासे झाले की ‘ट’, ‘ड’ आणि ‘ळ’ बिघडतात. जिभेचा मागचा भाग ताठरला की ‘क’ आणि ‘ग’ अस्पष्ट होतात. मऊ टाळू नाकाची वाट नीट बंद करीनासा झाला की सर्वच बोलणे गेंगाणे होते. रोग्याचे कोणते वर्ण बिघडले आहेत हे ऐकून, मुखाच्या कोणत्या भागाला इजा पोहोचली आहे याचा अंदाज तज्ज्ञाला बांधता येतो.

किरणांचे कार्य

व्हिल्हेल्म रंटगेन याने १८९५ साली क्ष-किरणांचा शोध लावला आणि अल्पावधीतच कर्करोगावर त्यांचा उपयोग करण्याचे प्रयत्न सुरू झाले. प्रारंभी किरणांचा मोठा मारा एकदम केला जात असे. त्यामुळे रोगाबरोबर निरोगी भागही होरपळून निघे. क्लोद रगो आणि आंरी कुतार या पॅरिसमधील संशोधकांनी १९२० नंतरच्या दशकात असे दाखवून दिले, की तीच मात्रा लहान लहान हप्त्यांत विभागून दिली असता स्वरयंत्राचा कर्करोग नाहीसा होऊ शकतो आणि आसपासची त्वचा व श्लेष्मकला तगून राहतात. याचे कारण असे, की किरणांनी पेशींच्या केंद्रातील डीएनए या रेणूचे धागे तुटतात. निरोगी पेशी दोन हप्त्यांमधील अवकाशात ही मोडतोड बऱ्याच अंशी दुरुस्त करू शकतात. कर्कपेशींना ते तितकेसे साधत नाही.

आजही हेच तत्त्व पाळले जाते. किरणांची मात्रा ‘ग्रे’ या एककात मोजतात. रोज २ ग्रे, आठवड्यातून पाच दिवस, याप्रमाणे सात आठवड्यांत ३५ हप्त्यांमधून ७० ग्रे देणे, हा डोके व मान यांच्या कर्करोगावरील रूढ क्रम आहे. शस्त्रक्रियेनंतर किरण द्यावयाचे असल्यास मात्रा सामान्यतः ६० ते ६६ ग्रे असते. रोग पुढच्या अवस्थेत असल्यास सिस्प्लॅटिन हे औषधही जोडीला देतात. त्याने किरणांचा परिणाम वाढतो. मात्र दुष्परिणामही वाढतात.

हा क्रम एकदा सुरू झाला की त्यात खंड पडू न देणे अत्यावश्यक असते. उपचार लांबल्यास मधल्या काळात उरलेल्या कर्कपेशी वेगाने वाढतात. उपचार जितके दिवस लांबतात, त्यातील प्रत्येक दिवसामागे रोग आटोक्यात येण्याची शक्यता सुमारे एक टक्क्याने घटते, असे अनुभवास आले आहे. घास गिळता न आल्याने खंगून, मध्येच उपचार सोडून घरी जाणारा रोगी म्हणूनच दुहेरी नुकसान सोसतो.

सात आठवड्यांचा प्रवास

पहिल्या एकदोन आठवड्यांत रोग्याला विशेष त्रास जाणवत नाही; परंतु लाळ कमी होऊ लागते. निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाकाठी सुमारे अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. कानाच्या पुढे असलेल्या अनुकर्ण ग्रंथी पातळ लाळ स्रवतात आणि त्यांच्या पेशी किरणांना फार लवकर बळी पडतात. पातळ लाळ आटली की मागे उरते ती चिकट, तार सुटणारी लाळ. ती धड गिळताही येत नाही आणि थुंकताही येत नाही.

तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास तोंडातील श्लेष्मकला लाल होऊन सोलवटते आणि तिच्यावर पांढरट पापुद्रे धरतात. अन्नाची चव जाते. पुष्कळांना सर्वच पदार्थ मातीसारखे किंवा धातूसारखे लागतात. पाचव्या ते सातव्या आठवड्यात वेदना कळसाला पोहोचतात. पाण्याचा घोट घेणेही नकोसे होते, आवाज बसतो आणि बोलताना जीभ टाळूला चिकटते. या काळात मिठाच्या व खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने वारंवार चुळा भरणे, वेदनाशामक औषधे वेळेवर व पुरेशा मात्रेत घेणे, तिखट, आंबट आणि फार गरम पदार्थ टाळणे हे उपाय करावे लागतात. मंदशक्ती लेसर किरणांचा तोंडातील व्रणांवर चांगला उपयोग होतो असेही आढळले आहे.

उपचार संपल्यावर व्रण काही आठवड्यांत भरून येतात. चव बहुतेकांना काही महिन्यांनी परत मिळते. मात्र लाळ पूर्वीइतकी क्वचितच सुटते. लाळेचे संरक्षण गेल्याने दात भराभर किडतात. म्हणून किडके दात किरणोपचारापूर्वीच काढून जखम भरू द्यावी लागते. किरण घेतलेल्या जबड्याचे दात नंतर काढल्यास हाड सडण्याचा धोका असतो.

उशिरा उमटणारे परिणाम

व्रण भरले म्हणजे संकट टळले, असे रोगी व त्याचे कुटुंबीय समजतात. वस्तुतः दुसरा आणि अधिक चिवट असा परिणाम तेव्हा कोठे सुरू होत असतो. किरण लागलेल्या स्नायूंमध्ये हळूहळू घट्ट तंतूंची वाढ होते. या तंतुमयतेमुळे जीभ जड होते, ग्रसनीचे आकुंचन दुबळे पडते आणि स्वरयंत्र पुरेसे वर उचलले जात नाही. चर्वणाचे स्नायू आखडल्याने तोंड उघडेनासे होते. वरच्या व खालच्या पुढील दातांमधील अंतर ३५ मिलिमीटरपेक्षा कमी झाले, तर तोंड उघडण्यास अडथळा असल्याचे मानतात. ही प्रक्रिया महिनोन्‌महिने, काही रोग्यांत वर्षानुवर्षे चालू राहते. उपचारानंतर पाचदहा वर्षांनी जिभेच्या किंवा घशाच्या तंत्रिका दुबळ्या होऊन गिळणे नव्याने बिघडल्याची उदाहरणेही आढळतात.

यांतील सर्वांत घातक अवस्था ती, जीत अन्न श्वासनलिकेत उतरते आणि तरीही ठसका लागत नाही. घशाची संवेदना मंदावल्यामुळे शरीराचा हा पहारेकरी झोपी गेलेला असतो. रोगी म्हणतो, “मला सर्व काही खाता येते”. परंतु त्याला वारंवार ताप येतो, छाती भरते आणि वजन घटत जाते. अशा रोग्याची परीक्षा बाहेरून पाहून होत नाही. बेरियम मिसळलेला घास गिळताना क्ष-किरणांचे चलच्चित्र घेणे, किंवा नाकावाटे बारीक दुर्बीण घालून घशाचे प्रत्यक्ष निरीक्षण करणे, या दोन पद्धती त्यासाठी रूढ आहेत. पहिलीचा पाया घालण्यात अमेरिकेतील जेरी लोगमन यांचा मोठा वाटा होता. दुसरी पद्धत सुसान लँगमोर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली मांडली.

अवयव राखला, पण कार्य राखले का?

स्वरयंत्राच्या पुढच्या अवस्थेतील कर्करोगावर दीर्घकाळ एकच खात्रीचा उपाय होता : संपूर्ण स्वरयंत्र काढून टाकणे. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत ३३२ रोग्यांवर झालेल्या व १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने हे चित्र पालटले. आधी औषधे व नंतर किरण दिलेल्या गटात ६४ टक्के रोग्यांचे स्वरयंत्र वाचले आणि दोन वर्षांनंतर जिवंत असणाऱ्यांचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच राहिले. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात, औषध व किरण एकाच वेळी दिले असता दोन वर्षांनी ८८ टक्के रोग्यांचे स्वरयंत्र शाबूत राहिल्याचे दिसले. केवळ किरण दिलेल्या गटात हे प्रमाण ७० टक्के होते.

हे यश मोठे होते, यात शंका नाही. परंतु याच दुसऱ्या अभ्यासाचे दहा वर्षांनंतरचे निष्कर्ष २०१३ साली हाती आले, तेव्हा औषध व किरण एकत्र घेतलेल्या गटात कर्करोगाव्यतिरिक्त अन्य कारणांनी झालेले मृत्यू अधिक असल्याचे आढळले. नकळत श्वासमार्गात उतरणारे अन्न हे त्यामागील एक कारण असावे, अशी शंका तज्ज्ञांनी बोलून दाखविली. गळ्यात अवयव आहे, पण तो श्वासमार्गाचे रक्षण करीत नाही, अशा स्थितीला अवयव वाचविणे म्हणता येईल का, हा प्रश्न त्यानंतर टाळता येण्याजोगा राहिला नाही. उलटपक्षी, स्वररज्जूंचा कर्करोग अगदी प्रारंभीच सापडला आणि किरणांचे क्षेत्र लहान ठेवता आले, तर रोग बहुधा बरा होतो, गिळण्यास बाधा येत नाही आणि आवाज उपचारापूर्वीपेक्षा सुधारतो, असाही अनुभव आहे.

यावर एक उपाय भौतिकीने दिला. संगणकाच्या साहाय्याने किरणांच्या झोताची तीव्रता जागोजागी कमीजास्त करून निरोगी भागांना वाचविण्याचे तंत्र विकसित झाले. ब्रिटनमधील एका अभ्यासात (२०११) जुन्या पद्धतीने किरण घेतलेल्या ७४ टक्के रोग्यांना वर्षभरानंतरही लक्षणीय मुखशोष होता. अनुकर्ण ग्रंथी वाचवून किरण दिलेल्या गटात हे प्रमाण ३८ टक्क्यांवर आले. पुढे ग्रसनीच्या स्नायूंवरील मात्राही कमी करण्याचा प्रयोग ब्रिटन व आयर्लंडमधील ११२ रोग्यांवर करण्यात आला. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार, गिळण्याविषयी रोग्यांनी स्वतः दिलेले गुण वर्षभरानंतर मात्रा कमी केलेल्या गटात ७७.७, तर नेहमीच्या पद्धतीने किरण दिलेल्या गटात ७०.६ होते.

न वापरलेला स्नायू

दुसरा उपाय यंत्रावर अवलंबून नाही. हाड मोडल्यावर पाय प्लास्टरमध्ये ठेवला की त्याचे स्नायू काही आठवड्यांतच वाळतात. घशाच्या स्नायूंचेही तसेच आहे. वेदनेमुळे रोग्याने गिळणे थांबविले आणि सर्व आहार नळीवाटे सुरू झाला, तर किरणांच्या इजेत निष्क्रियतेची भर पडते. टेक्सासमधील एका मोठ्या कर्करोग केंद्राने ४९७ रोग्यांची माहिती तपासून २०१३ साली असा निष्कर्ष काढला, की जे रोगी उपचारकाळात काही ना काही तोंडाने खात राहिले आणि गिळण्याचे व्यायामही करीत राहिले, त्यांची स्थिती पुढे सर्वांत चांगली राहिली. जे यांपैकी एकच गोष्ट करू शकले ते मधल्या स्थितीत होते, आणि ज्यांनी दोन्ही सोडले त्यांची अवस्था सर्वांत वाईट झाली.

हे व्यायाम साधे आहेत. गिळताना घशाचे सर्व स्नायू जोर लावून आवळणे. जिभेचे टोक पुढच्या दातांत हलकेच धरून लाळ गिळणे. गिळताना वर गेलेले स्वरयंत्र दोनतीन सेकंद तसेच वर धरून ठेवणे. श्वास रोखून गिळणे आणि लगेच खोकून पुन्हा गिळणे. यांपैकी प्रत्येकाचा हेतू वेगळा असतो. दुसरा व्यायाम अन्नासह करावयाचा नसतो; चौथा श्वासमार्ग मिटण्याची सवय लावतो. तोंड उघडण्यासाठी दातांमध्ये लाकडी पट्ट्यांची चळत ठेवून तीत हळूहळू एकेक पट्टी वाढविता येते. कोणता व्यायाम, किती वेळा आणि केव्हापासून, हे वाचा व गिळण्याच्या तज्ज्ञाने रोग्याला तपासून ठरवावयाचे असते. मात्र ही भेट उपचार सुरू होण्यापूर्वी झाली पाहिजे. निरोगी घशाने शिकलेला व्यायाम दुखऱ्या घशाला करता येतो. दुखऱ्या घशाने नव्याने शिकणे कठीण जाते.

आहारनळीविषयी गैरसमज होता कामा नये. वजन झपाट्याने घटत असेल किंवा अन्न श्वासमार्गात जात असेल, तर नळी जीव वाचविते. पण शक्य असेल तेथे नळी असतानाही, तज्ज्ञाच्या संमतीने, दिवसातून काही घोट तोंडाने गिळत राहावे आणि नळी काढण्याचा प्रयत्न वेळीच व्हावा, हे तत्त्व आता सामान्यतः मान्य झाले आहे.

भारतीय परिस्थिती

वरील ज्ञान बहुतांशी परदेशांत जमविलेले आहे. ते येथे जसेच्या तसे लागू करून चालत नाही. पहिली अडचण अशी, की गुटखा व सुपारी खाणाऱ्या अनेकांचे तोंड कर्करोगापूर्वीच आखडलेले असते. गालांच्या आतील अस्तरात तंतू वाढून दोन बोटेही आत जात नाहीत, अशा स्थितीत ते रुग्णालयात येतात. त्यांच्या बाबतीत तोंड उघडण्याचा व्यायाम उपचाराच्या पहिल्या दिवसापासूनच निकडीचा ठरतो.

दुसरी अडचण आहाराची. परदेशी पुस्तकांतील पदार्थांची यादी येथील स्वयंपाकघरात निरुपयोगी असते. तथापि आपल्याकडे मऊ अन्नाची परंपरा समृद्ध आहे. मऊ भात, पेज, मुगाची पातळ खिचडी, नाचणीची आंबील, दक्षिणेतील दुधात किंवा ताकात कुस्करलेली इडली, उत्तरेतील सातूचे पीठ, बंगालमधील मऊ शिजविलेला भात व मासा, हे सर्व पदार्थ तिखट वगळून, वर तूप किंवा दही घालून रोग्याला देता येतात. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. पातळ ते सोपे, ही समजूत नेहमीच खरी नसते. पाणी वेगाने घसरते आणि दुबळ्या घशाला चुकवून श्वासनलिकेत शिरते. काही रोग्यांना पाण्यापेक्षा दाट पेज अधिक सुरक्षित असते.

तिसरी अडचण मनुष्यबळाची व अंतराची आहे. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. चेन्नईच्या अड्यार येथील कर्करोग संस्था १९५४ साली. राष्ट्रीय कर्करोग नियंत्रण कार्यक्रम १९७५-७६ मध्ये हाती घेण्यात आला आणि त्यातून प्रादेशिक केंद्रे उभी राहिली. वाचा व श्रवण यांच्या तज्ज्ञांचे शिक्षण देणारी अखिल भारतीय संस्था म्हैसूर येथे १९६५ साली स्थापन झाली. असे असले, तरी किरणोपचाराची यंत्रे जेथे आहेत तेथे प्रत्येक ठिकाणी गिळण्याच्या क्रियेचा तज्ज्ञ आहे असे नाही. शिवाय रोगी बहुधा दूरच्या गावाहून आलेला असतो. सात आठवडे तो धर्मशाळेत किंवा नातेवाइकांकडे काढतो, आणि उपचार संपताच गावी परततो. तंतुमयतेचे परिणाम नेमके त्यानंतर सुरू होतात. म्हणून जाताना त्याच्या हाती औषधांच्या चिठ्ठीबरोबर व्यायामांची त्याच्या भाषेतील सचित्र सूचना असणे आणि घरातील एका माणसाने ते व्यायाम प्रत्यक्ष पाहिलेले असणे, या दोन स्वल्पखर्ची गोष्टींचे मोल फार आहे. घरच्यांनी दरमहा वजन टिपून ठेवावे, दातांमधील अंतर बोटांनी मोजून पाहावे, आणि वारंवार ताप, जेवताना खोकला अथवा जेवणानंतर आवाज ओलसर येणे ही लक्षणे दिसताच रुग्णालयाशी संपर्क साधावा.

समाजात परत येणे

आपल्याकडे जेवण ही एकट्याने उरकण्याची गोष्ट नाही. लग्नाची पंगत, सणाचे ताट, पाहुण्याला आग्रहाने वाढणे, यांतून माणसे जोडली जातात. ज्याला एक वाटी भात खाण्यास पाऊण तास लागतो आणि प्रत्येक घासाबरोबर पाणी प्यावे लागते, तो हळूहळू पंगतीत बसणे सोडतो. ज्याचे बोलणे समोरच्याला पुन्हा पुन्हा विचारावे लागते, तो दुकानदार, शिक्षक किंवा वकील असेल तर उपजीविकाही गमावतो. उपचाराच्या यशाची मोजणी केवळ किती वर्षे जगला यावरून केली, तर हे नुकसान कोणत्याच कोष्टकात येत नाही. म्हणूनच अलीकडील अभ्यासांत रोग्याला स्वतःला काय वाटते, हेही मोजले जाऊ लागले आहे.

या सर्वांहून प्रभावी उपाय अर्थातच रोग लवकर ओळखणे हा होय. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात आरोग्यसेवकांनी घरोघर जाऊन तोंडाची तपासणी केली. तंबाखू किंवा मद्य यांचे सेवन करणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू त्यामुळे ३४ टक्क्यांनी घटल्याचे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. लहान अवस्थेत सापडलेल्या रोगाला उपचार कमी लागतात, आणि जितके उपचार कमी तितके घसा व जीभ अधिक वाचतात. तीन आठवड्यांत न भरणारा तोंडातील व्रण, पांढरा अथवा लाल चट्टा, दीर्घकाळ बसलेला आवाज किंवा गिळताना सतत जाणवणारा अडथळा यांपैकी काहीही आढळल्यास तपासणी करून घेण्यास विलंब करू नये. ज्यांना मोठा उपचार अटळ आहे, त्यांनी किरणांचा पहिला हप्ता घेण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांना विचारावे, की गिळणे व बोलणे टिकविण्यासाठी आजपासून काय करावयाचे. हा प्रश्न वेळेवर विचारला गेला, तर त्याचे उत्तर पुष्कळदा आशादायक असते.